वीस डॉलरचा दोरा : गळाच्या वेणीमागचं रसायन

गेल्या जुलैत बाबा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे मिनेसोटात आले. मालवणात बालपण गेलेला माणूस, गरवणं रक्तात. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं लिहिलेलं वाचून दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "मग आपण बसलोय कशाला घरात?" त्यांच्यासाठी पाहुण्यांचं तीन दिवसांचं लायसन्स काढलं आणि गळाचं सामान घ्यायला दुकानात गेलो. मी रिळावर घालायला विणलेल्या दोऱ्याचं, म्हणजे ब्रेडचं, एक बंडल उचललं. दीडशे यार्ड, साधारण वीस डॉलर. बाबांनी किंमत मनातल्या मनात रुपयांत केली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सोन्याची तार घेतोय. "ह्या दोऱ्याक वीस डॉलर? तंगूस काय वाईट होता?"

प्रश्न रास्त होता. घाईत मी दिलेलं उत्तर ("सगळे हेच वापरतात") अगदीच लंगडं होतं. त्यात दुसऱ्या दिवशी तळ्यावर जे घडलं त्याने माझी पुरती शोभा झाली. बाबांच्या गळाला चांगला दणकट मासा लागला, रॉड कमानीसारखा वाकला, बाबा हँडल फिरवतायत, रीळ फिरतंय, पण दोरा काही आत येईना. मासा मात्र आरामात लांब जात राहिला आणि पाणगवतात शिरून गळ सोडवून गेला. मला वाटलं रीळ बिघडलं. घरी आणून उघडलं, ग्रीस लावलं, पुन्हा बसवलं. रिळात काहीच बिघडलेलं नव्हतं. माझं रसायनशास्त्र कच्चं होतं, एवढंच.

तेव्हापासून या दोऱ्याच्या मागे लागलो. काय असतो तो, स्वस्तातला घेतला तर काय गमावतो आणि लेबलवरच्या कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा, हे शोधताना जे हाती आलं ते हे.

पिशवीतलंच प्लास्टिक, पण विंचरलेलं

तंगूस म्हणजे नायलॉनची एकसंध तार. ब्रेड हे वेगळंच प्रकरण. तो बनतो पॉलिथिनपासून. हो, तेच पॉलिथिन, भाजीच्या पिशवीतलं. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत ते अपघाताने सापडलं. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी कमी दाबाखाली त्याच्या लांब, सरळ साखळ्या बनवण्याची युक्ती शोधली आणि पुढे १९६३ चं नोबेल नात्ता यांच्यासोबत मिळवलं. या युक्तीने साखळी हवी तेवढी वाढवता येऊ लागली. पिशवीच्या पॉलिथिनचा रेणुभार काही हजारांपासून काही लाखांपर्यंत असतो. गळाच्या दोऱ्यातल्या पॉलिथिनचा तीस-चाळीस लाखांच्या घरात किंवा त्याहून जास्त. म्हणजे एकेका रेणूत इथिलीनचे लाख-दीड लाख मणी एकापुढे एक ओवलेले. असा एक रेणू पूर्ण ताणून सरळ केला तर त्याची लांबी माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्मी भरेल. एकाच रेणूसाठी ही लांबी अचाट आहे.

पण साखळी लांब असून भागत नाही. वितळलेल्या पॉलिथिनमध्ये या साखळ्या झोपेतून उठलेल्या मुलीच्या केसांसारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात. तशाच ओढल्या तर गुंता अधिकच घट्ट होतो. मग आपल्या आज्या काय करायच्या? तेल लावायच्या, विंचरायच्या आणि मग वेणी घालायच्या. नेदरलँड्समध्ये नेमकं हेच झालं. ग्रोनिंगेनच्या आल्बर्ट पेनिंग्स यांनी पायाभूत काम केलं होतं. १९७९ च्या सुमारास डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेम्स्ट्रा यांनी हे पॉलिथिन डेकॅलिनसारख्या द्रावकात विरघळवलं. हे झालं तेल. द्रावणात साखळ्या एकमेकींपासून सुट्या होतात. मग बारीक छिद्रांतून धार काढून ती थंड केली की जेलीसारखा मऊ धागा मिळतो. तो गरम करून तीस पट आणि त्याहूनही अधिक ताणला की साखळ्या एका दिशेने समांतर बसतात. हे झालं विंचरणं. या प्रक्रियेला जेल-स्पिनिंग म्हणतात. डीएसएमने या तंतूचं नाव डायनीमा ठेवलं. अमेरिकेत अलाइड कंपनीने त्याच जातीचा तंतू स्पेक्ट्रा नावाने आणला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या तंतूंच्या वेण्या मासे पकडणाऱ्यांच्या रिळांवर पोचल्या.

तंतू ताणताना जोर आता रेणूच्या पाठीच्या कण्यावर, म्हणजे कार्बन-कार्बन बंधांवर येतो, आणि ते तोडणं सोपं नसतं. या तंतूची ताणशक्ती साडेतीन गिगापास्कलच्या आसपास असते. नायलॉनची तंगूस याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात आटोपते. शिवाय घनता ०.९७, म्हणजे पाण्याहून किंचित हलका. म्हणून ब्रेड तरंगतो.

हे सगळं बाबांना सांगत होतो तेव्हा मला एकदम आठवलं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. कृत्रिम गुडघ्यात धातूच्या दोन भागांमध्ये जी पांढरी चकती बसवतात ती याच अतिदीर्घ साखळीच्या पॉलिथिनची. १९६२ मध्ये इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी ते खुब्याच्या सांध्यात वापरायला सुरुवात केली. गुडघ्यात ते विंचरलेलं नसतं, ठोकळ्यातून कोरलेलं असतं, पण रेणू त्याच कुळातला. बाबांनी एकदा गुडघ्याकडे आणि एकदा रिळाकडे बघितलं. त्यानंतर वीस डॉलरचा विषय काढला नाही.

मग मासा का गेला?

गुडघ्यात हे पॉलिथिन का चालतं? कारण ते गुळगुळीत असतं. त्याच्या रेणूत फक्त कार्बन आणि हायड्रोजन, कुठेही विजेच्या भाराचं असमान वाटप नाही. त्यामुळे ते कशालाच धरून बसत नाही. पाण्यालाही नाही, रंगालाही नाही आणि रिळाच्या चकचकीत दांड्यालाही नाही. मी नवा ब्रेड थेट त्या दांड्यावर बांधला होता. माशाने ओढल्यावर दोऱ्याचा अख्खा गठ्ठा बांगडीसारखा दांड्याभोवती फिरत राहिला.

इलाज पाच मिनिटांचा आणि जवळजवळ फुकट आहे. आधी रिळावर दहा-पंधरा यार्ड तंगूस घट्ट गुंडाळायची. नायलॉन दबतं, ताणतं, दांड्याला धरून बसतं. मग तिच्या टोकाला ब्रेड जोडायचा. इथेच पैसेही वाचतात. तळ्यावर आपण दोरा फेकून फेकून तीस-चाळीस यार्ड फेकतो. मासा पळाला तर आणखी थोडा. दीडशे यार्ड ब्रेड रिळावर घालणं म्हणजे आयुष्यभर उजेड न बघणाऱ्या दोऱ्यासाठी पैसे मोजणं. अर्धं रीळ स्वस्त तंगुशीने भरा आणि वर पंचाहत्तर यार्ड ब्रेड घाला. एका बंडलात दोन रिळं होतात. दोन मोसमांनंतर वरचा दोरा झिजला की तो उलटा करून भरायचा. आतला कोरा भाग वर येतो आणि आणखी दोन मोसम निघतात.

रंगाचंही तसंच. महिनाभरात हिरवा ब्रेड फिकट पडला की लोकांना वाटतं दोरा सडला. या तंतूत रंग मुरतच नाही, तो वरून लेप दिल्यासारखा असतो, त्यामुळे निघून जाणारच. फिकट ब्रेड कमजोर नसतो. बोटाने चाचपून बघा. कुसळं उभी राहिलेली लागली, वेणी पिंजलेली दिसली, तर तेवढा तुकडा कापून टाका.

स्वस्त कुठे स्वस्त होतो

दुकानात चार पेडी आणि आठ पेडी असे दोन मुख्य प्रकार दिसतात. आठ पेडी गोल, मऊ, रॉडच्या कड्यांतून आवाज न करता जातो, थोडा लांब फेकला जातो आणि महाग असतो. चार पेडीचा प्रत्येक पेड जाड असतो, त्यामुळे तो जरा खरखरीत लागतो आणि कड्यांतून जाताना सुर्र असा आवाज करतो. पण दगड, बुडालेली लाकडं, पाणगवत यांच्यावर घासला तर जाड पेड जास्त तग धरतो. तळ्याच्या काठावरून किंवा छोट्या होडीतून बास आणि वॉलआय पकडणाऱ्यांना माझ्या मते चार पेडी पुरेसा आहे. आठ पेडीचे जादा पैसे हातांच्या सुखासाठी आहेत, जास्त माशांसाठी नाहीत.

पण चार पेडीतही फरक असतो आणि तो लेबलवर क्वचितच लिहिलेला असतो. तो म्हणजे वीण किती घट्ट आहे. वेणी घालणारं यंत्र दर इंचाला जितके जास्त वेढे घालेल तितका दोरा सावकाश तयार होतो. यंत्राचा वेळ म्हणजे पैसा, म्हणून स्वस्तातल्या दोऱ्याची वीण सैल असते. सफिक्सच्या ८३२ या दोऱ्याच्या नावातच हे आहे. आठ पेड, इंचाला ३२ वेढे. सैल वेणी दाबाखाली रिबिनीसारखी चपटी होते, पेडांमध्ये पाणी धरते आणि रिळावर स्वतःच्याच खालच्या थरांत रुतून बसते. मग पुढच्या फेकीला फराटा. दुकानात नमुना हाती लागला तर दोन बोटांत इंचभर दोरा धरून टोकं एकमेकांकडे ढकला. वेणी लगेच पिंजऱ्यासारखी उघडली तर ती सैल आहे. नखाखाली सपाट लागली तरी तेच.

दुकानात नसाल आणि फोनवरून मागवत असाल तर? तिथे भौतिकशास्त्र मदतीला येतं. ही युक्ती मला फार आवडते.

लेबलवर दोन आकडे असतात. किती पौंडांवर तुटतो आणि जाडी किती मिलिमीटर. जाडीचा वर्ग करा आणि पौंडांना त्याने भागा. ०.२८ मिमी जाडीचा ३० पौंडी दोरा घ्या. ०.२८ चा वर्ग ०.०७८. तीसला त्याने भागलं की साधारण ३८० येतात. पॉवरप्रोच्या चार पेडी दोऱ्यांचे छापील आकडे घेतले तर उत्तर ३८० ते ४५० च्या दरम्यान राहतं. आता साडेतीन गिगापास्कलचा तंतू, मध्ये हवेची एकही फट न ठेवता, भरीव दांड्यासारखा मानला तर हेच उत्तर सहाशेच्या जरा वर येतं. ही निसर्गाने घातलेली मर्यादा समजा. खऱ्या वेणीत फटी असतात, पेड तिरके असतात, म्हणून खरा आकडा याहून बराच खाली हवा.

मला एक अतिस्वस्त दोरा सापडला होता. '४० पौंड, ०.२० मिमी'. भागाकार केला तर आले १०००. या तंतूपासून असा दोरा बनूच शकत नाही. एक तर तो चाळीस पौंडांच्या खूप आधी तुटणार, किंवा त्याची जाडी छापलेल्यापेक्षा बरीच जास्त असणार. माझा अंदाज आहे की बहुतेकदा गोम जाडीत असते. बारीक म्हणून घेतलेला दोरा प्रत्यक्षात सुतळीच्या दिशेने झुकलेला निघतो. दोरा अगदीच टाकाऊ असेल असं नाही, पण उत्तर सहाशेच्या वर गेलं की लेबलवरचा निदान एक आकडा खोटा आहे, हे नक्की. जपानी बंडलांवर 'पीई १', 'पीई १.५' अशी श्रेणी असते. ती वजनावरून ठरते (पीई १ म्हणजे ९००० मीटरचं वजन २०० ग्रॅम). तिच्याशेजारी छापलेली जाडी नाममात्र असते, ती या भागाकारात घालू नका.

किती पौंडी घ्यावा? रिळांच्या मापात २५०० म्हणतात तशा मध्यम स्पिनिंग रिळावर १० ते १५ पौंडी. वीस पौंडी घेतला तरी बिघडत नाही, उलट नवशिक्याला तो सोयीचा, कारण कमी रुततो आणि कमी गुंतागुंत करतो. नॉर्दर्न पाइकच्या मागे असाल किंवा कमळाच्या पानांत गळ टाकणार असाल तर तीस. पण मुलांना घेऊन धक्क्यावरून ब्लूगिलसारखे तळहाताएवढे मासे बुडबुड्या लावून पकडायचे असतील, तर ब्रेड घेऊच नका. चार-सहा पौंडी तंगूस घ्या, अर्ध्या पैशांत काम होतं. तिथे बाबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

ताण आणि गाठ

तंगूस तुटण्याआधी वीसेक टक्के लांबते. ब्रेड तीन-चार टक्के. त्यामुळे वीस फूट खोलीवर वॉलआयने आमिषाला नुसतं नाक लावलं तरी बोटांना कळतं. याच गुणाचा तोटा असा की माशाचा हिसका शोषायला मध्ये काही उरत नाही. तंगुशीच्या सवयीने जोरात झटका मारला तर माशाचा जबडा फाटतो किंवा गळ सरळ होतो. म्हणून रिळाचा ड्रॅग सैल ठेवा. दोरा तुटण्याच्या ताकदीच्या पाव हिश्श्याला तो सुटायला हवा. लवचीक रॉड असेल तर उत्तम.

ब्रेड पाण्यात दिसतो, आणि झेब्रा शिंपल्यांच्या धारदार कडांवर ताणलेला असताना टेकला तर पटकन कापला जातो. इथल्या अनेक तळ्यांत हे परके शिंपले पसरलेत. म्हणून शेवटी चार-पाच फूट तंगूस किंवा फ्लोरोकार्बनचा लीडर लावतात. फ्लोरोकार्बनचा अपवर्तनांक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५३ च्या पुढे. त्यामुळे फ्लोरोकार्बन पाण्यात जास्त मिसळून जातं. पण गढूळ पाण्यात या फरकाला फार किंमत नाही, साधी तंगूस चालते. एक मात्र पाळा. लीडर ब्रेडपेक्षा कमी ताकदीचा हवा. अडकलेला गळ ओढताना लीडर तुटला तर पाण्यात चार फूट नायलॉन राहतं. ब्रेड तुटला तर तीस यार्ड पॉलिथिन राहतं, आणि ते कुजत नाही. इथल्या लून पक्ष्यांच्या पायात, चोचीत असे दोरे अडकतात. नायलॉन मांज्यात लटकलेली घार ज्यांनी पुण्या-मुंबईत पाहिलीय त्यांना अधिक सांगायला नको. धक्क्यांवर दोऱ्यांच्या पुनर्वापरासाठी नळीसारखी पेटी दिसते, ती फक्त एकसंध तंगुशीसाठी असते. ब्रेड घरी आणून बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका.

मांज्यावरून आठवलं. अडकलेला ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नका. बोट कापतं, खोलवर कापतं. काठीला गुंडाळा आणि काठी ओढा.

आता गाठ. तंगुशीची नेहमीची पाच वेढ्यांची गाठ ब्रेडवर सुटते. कारण तेच, गुळगुळीतपणा. पालोमार नावाची गाठ घाला. दोरा दुमडून दुहेरी करा, तो दुहेरी फास गळाच्या डोळ्यातून काढा, त्या दुहेरी दोऱ्याची सैल साधी गाठ मारा, मग फास अख्ख्या गळावरून पलीकडे घ्या आणि आवळा. आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा. हा तंतू दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि त्याआधीच कमजोर होतो. कोरडी गाठ झटक्यात आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तिथेच इजा होते. ब्रेड आणि लीडर जोडायला दुहेरी युनी गाठ, ब्रेडच्या बाजूला सात-आठ वेढे, तंगुशीच्या बाजूला चार-पाच. कापायला चांगली धारदार कात्री हवी, नेलकटरने तो फक्त पिंजतो.

तिसऱ्या दिवशी, लायसन्सच्या शेवटच्या संध्याकाळी, पुन्हा त्याच जागी गेलो. खाली तंगूस, वर पंधरा पौंडी चार पेडी ब्रेड, पुढे आठ पौंडी तंगुशीचा लीडर. जुळणी बाबांनीच केली. पालोमार एकदा दाखवल्यावर मला म्हणाले, "तू बाजूक हो," आणि चष्म्याशिवाय घातली. सूर्य कलल्यावर एक वॉलआय आला, सतरा इंचांचा. तो बाबांच्या त्या पळालेल्या माशापेक्षा लहान होता, असं ते अजून सांगतात.

परत जाताना बंडलातले उरलेले पंचाहत्तर यार्ड त्यांनी बॅगेत टाकले. खाऱ्या पाण्यात वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, दोऱ्यापेक्षा रिळासाठी, हे मी तीनदा सांगितलं. परवा व्हिडिओ कॉलवर दिसलं की त्यांनी तो मालवणच्या घरी पडवीत दोन खिळ्यांना बांधलाय आणि त्यावर आईचे टॉवेल वाळतायत. झोळ मात्र जराही नव्हता.